डोळा लागला

"लागला एकदाचा डोळा," आई हळूच म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या मांडीवर माझी जाई झोपली होती. अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, दंडावर हलव्याचेच बाजूबंद, आणि डोक्यावरचा मुकुट एका कानावर घसरलेला. मी आत काळी साडी नेसत होते तेव्हा हीच पोरगी घर डोक्यावर घेऊन रडत होती. माझ्या हातातून निऱ्या सुटत होत्या आणि मी आतूनच सांगत होते, "आले गं बाई, आले." मग रडणं थांबलं. मला वाटलं, कुणीतरी तिला गॅलरीत नेऊन कबुतरं दाखवली असतील.

"कशी काय झोपली?" मी विचारलं.

"आजीच्या हाताला गुण असतो. तुझ्याकडं रडते, माझ्याकडं झोपते."

सतरंजीवर बसलेल्या बायका हसल्या. मीही हसले. जाई तेव्हा अकरा महिन्यांची होती आणि जन्मल्यापासून ती सलग अशी कधी झोपलीच नव्हती. कुकरची शिट्टी झाली की जागी, खालून रिक्षा गेली की जागी, मी कूस बदलली की जागी. शेजारी कुणी शिंकलं तरी आमच्याकडं भोकाड सुरू व्हायचं. कराडातल्या आमच्या त्या बिल्डिंगमध्ये तिला सगळे 'भोंगा' म्हणायचे. त्यामुळं ऐन बोरन्हाणाच्या दिवशी, भरल्या घरात, ती अशी गाढ झोपली याचं सगळ्यांनाच अप्रूप वाटलं.

"आता उठवायची का हिला?" मी म्हणाले. "बोरन्हाण घालायचंय."

"झोपेतच घालू या की," हर्षदाताई पार्लरच्या दारातून म्हणाल्या. "फोटो पण छान येतील. उठली की परत रडारड."

हर्षदाताई माझ्या नणंद, निनादपेक्षा मोठ्या. त्यांचं सासर गावातच. पण आमच्या हॉलला लागून असलेल्या खोलीत त्यांचं पार्लर होतं, नवरीच्या मेकअपसाठी नाव मिळवलेलं. त्या दिवशीसुद्धा सकाळपासून त्या एका नवरीचा मेकअप करून बघत होत्या आणि नुकत्याच मोकळ्या झाल्या होत्या. त्यांच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई, समारंभाला आल्या होत्या आणि खास खुर्चीवर बसल्या होत्या. ताई जाता-येता त्यांच्याकडं बघत होत्या.

मी चौरंगावर बसले आणि जाईला मांडीवर घेतलं. नेहमीपेक्षा जड लागली. झोपलेलं मूल जड लागतंच म्हणा. आईंनी औक्षण केलं. भोवती बिल्डिंगमधली पोरं दबा धरून बसली होती. बायकांनी वाट्या उचलल्या आणि जाईच्या डोक्यावर चुरमुरे, बोरं, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या, गोळ्या, सगळं एकदम कोसळलं. पोरांनी एकच कालवा केला. कुणी माझ्या पदरात हात घातला, कुणी चौरंगाखाली शिरलं, दोघांची एका चॉकलेटवरून झोंबाझोंबी झाली.

जाई हलली नाही.

एक टपोरं बोर तिच्या कपाळावर आपटलं आणि पापणीवरून घरंगळत खाली गेलं. पापणी फडफडलीसुद्धा नाही.

"काय शहाणं बाळ आहे," कुणीतरी म्हणालं.

"आमचा मेला चौरंगावरून उतरून पळाला होता."

विहीणबाई म्हणाल्या, "हिच्या सासूचं काही खरं नाही. ढोल वाजवले तरी उठायची नाही ही सून."

सगळ्या खळाळून हसल्या. त्या हसण्यातच मी जाईच्या गालाला बोट लावलं. झोपेत गालाला बोट लागलं की ती त्या बाजूला तोंड वळवायची आणि ओठ चोखल्यासारखे करायची. जन्मापासूनची सवय. कितीही झोपेत असली तरी. मी एका गालाला लावलं, मग दुसऱ्या. काही नाही.

"ताई," मी शेजारी उभ्या असलेल्या हर्षदाताईंना हळूच म्हणाले, "ही उठत का नाहीये?"

"दमलीय गं वहिनी. किती रडली मघाशी. झोपू दे ना." असं म्हणून त्या रिकामं ताट घेऊन आत गेल्या. ताटात अजून चुरमुरे होते, ते बाहेर सांडत गेले.

मी तिचे पाय हातात घेतले. "आई, पाय गार लागतायत हिचे."

"थंडीचे दिवस आहेत. मोजे घाल."

मी तिचा हात वर उचलला आणि सोडला. तो नुसता पडला, पिळून ठेवलेल्या फडक्यासारखा. मी उठले. मांडीवरची बोरं जमिनीवर टपटपली आणि पोरं परत धावली.

"निनाद, गाडी काढ."

निनाद मोबाईलवर शूटिंग करत होता. "आत्ता? अगं, हळदीकुंकू राहिलंय अजून."

"गाडी काढ."

"झालंय काय?" आई म्हणाल्या. "रडली तरी तुला त्रास, झोपली तरी त्रास. झोपलेल्या लेकराला असं थंडीत बाहेर काढू नये. लोक काय म्हणतील, समारंभातून उठून गेली."

मी चपला न घालताच जिना उतरले. मग मात्र सगळे मागं आले. निनाद आला, आई आल्या, आणि कुणी न सांगता हर्षदाताई पुढच्या सीटवर येऊन बसल्या. "मी येते," एवढंच म्हणाल्या. मला तेव्हा बरं वाटलं होतं. वाटलं, कुणीतरी आपल्या बाजूचं आहे.

डॉक्टर तांबवेकर लहान मुलांचे. त्यांनी जाईला टेबलावर घेतलं, सिस्टरनं कात्रीनं हलव्याचा हार कापला. पांढऱ्या चादरीवर हलव्याचे दाणे पसरले. डॉक्टरांनी तिच्या पापण्या उघडून बॅटरी मारली आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

"ठोके फार मंद आहेत. अंग गार आहे. डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात." ते सिस्टरला ऑक्सिजन आणायला सांगून आमच्याकडं वळले. "शेवटचं काय गेलं होतं पोटात?"

"दुपारी मऊ भात, मग दूध," मी म्हणाले.

"औषध?"

"ड्रॉप्स," आई म्हणाल्या. "पोटाचे, नेहमीचे. पोट दुखत असेल म्हणून मी दिले मघाशी. ते काय, रोजच देतो."

"त्यानं असं होत नाही." डॉक्टर आता माझ्याकडं बघत होते. फक्त माझ्याकडं. "घरी गुटी उगाळता?"

"नाही."

"अफू?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"अफू, बोंडं, जे काय मिळत असेल ते. बाळानं झोपावं म्हणून देतात बायका. अजून देतात. हे बघा, मी तुम्हाला रागावणार नाही. पण काय दिलं ते खरं कळलं पाहिजे."

"मी काही दिलेलं नाही."

"आधी सगळ्या असंच म्हणतात."

आम्ही चौघं होतो त्या खोलीत. तिचा बाप होता, आजी होती, आत्या होती. प्रश्न मला एकटीला होता. मी निनादकडं बघितलं. मला वाटलं, हा आता काहीतरी बोलेल. बोलला.

"शर्वरी, दिलं असशील तर सांगून टाक. आत्ता तुला कुणी काही म्हणणार नाही."

आत्ता. म्हणजे नंतर म्हणणार. आणि 'असशील तर' म्हणजे त्याच्या मनात ते येऊन गेलं होतं. ज्या बाईच्या शेजारी तो झोपतो, जिच्या कुशीत ती पोर रात्रभर चिकटून असते, तिनं पोरीला अफू चाटवली असेल हे त्याला शक्य वाटलं. जाई आता दुसरीत आहे, तिचा बाप तिच्यावर जीव टाकतो, आणि मी हे सगळं मान्य करते. पण त्या 'असशील तर'चं मी काय करू, हे मला अजून समजलेलं नाही.

मग हर्षदाताई बोलल्या. खाली बघत, हलक्या आवाजात.

"वहिनी परवा म्हणत होती खरी, हिला काहीतरी देऊन झोपवायला पाहिजे म्हणून."

म्हणाले होते मी. रात्रभर पोरीला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्यावर, सकाळी पोळ्या लाटताना म्हणाले होते, आणि तेव्हा त्याच हसल्या होत्या. कुठली आई असं म्हणत नाही? डॉक्टरांनी मान हलवली, आता सगळं कळलं अशी. सिस्टरनं माझ्याकडं बघितलं ते तर मी विसरूच शकत नाही. जाईचा हात माझ्या हातात होता, तो तिनं सोडवून घेतला. "बाजूला व्हा, सलाईन लावायचंय," म्हणाली. सलाईन लावायचं होतंच. पण हात सोडवायची ती रीत वेगळी होती.

"मिठाचं पाणी पाजा तिला," आई म्हणाल्या. "ओकून टाकेल, काय असेल ते."

"गुंगीतल्या बाळाला पाणी पाजलं तर सरळ छातीत जाईल, आजी. लांब थांबा," सिस्टर म्हणाली.

डॉक्टर मला म्हणाले, "बरं, ते पोटाचे ड्रॉप्स तरी दाखवा."

जाईची पिशवी माझ्या खांद्याला होती. मी ती जमिनीवरच उपडी केली. लंगोट, झबली, वाटी-चमचा, आणि ड्रॉप्स. जुनी बाटली आदल्या दिवशी संपली म्हणून निनादनं सकाळीच नवी आणली होती आणि मी ती तशीच पिशवीत टाकली होती. डॉक्टरांनी झाकण फिरवून बघितलं.

"याचं सील तुटलेलं नाही."

मी सासूबाईंकडं वळले.

"आई," मी म्हणाले, "तुम्ही कुठले ड्रॉप्स दिले?"

"तेच की गं. पांढरी बाटली, निळं झाकण."

"ते माझ्या पिशवीत होते. पिशवी माझ्याजवळ आत होती."

"नाही, नाही. मी हाक मारून विचारलं, हर्षदा, ड्रॉप्स कुठायत गं? ती खोलीतून म्हणाली, आरशापुढं. तिथं होती बाटली. माझा चष्मा नव्हता, पोर टाहो फोडत होती. चमच्यात पिळली आणि पाजली. अर्धा चमचा असेल. तिनं तोंड वाकडं केलं जरा, पण गिळलं." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक होत गेला. "हर्षदा, तूच म्हणालीस ना आरशापुढं?"

हर्षदाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"तुमच्या आरशापुढं कसले ड्रॉप्स होते?" डॉक्टरांनी विचारलं.

"डोळ्यांचे."

"कशासाठी?"

"लाली जायला. नवरीचे डोळे फोटोत पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून घालते मी. मला वाटलं, आईचे डोळे चुरचुरतायत, तिलाच हवेत. ती नुसती ड्रॉप्स म्हणाली."

"कुणाच्या चिठ्ठीवर घेतलेत?"

"चिठ्ठी कशाला लागते? मेडिकलमध्ये मागितलं की देतात. सगळ्याच पार्लरवाल्या वापरतात."

"बाटली कुठाय?"

त्या दाराकडं बघायला लागल्या.

"घरून मागवून घ्या, कुणालातरी फोन करा. त्यावरचं नाव पाहिजे मला."

"टाकून दिली," त्या म्हणाल्या. "संपली होती. कचऱ्यात टाकली. गाडी येऊन गेली असेल."

"केव्हा टाकलीत?"

"बोरन्हाणाच्या आधीच."

आधी मला त्या शब्दांचा अर्थच लागेना. डॉक्टरांना लागला, पण त्यांना वेळ नव्हता. औषधाचं नाव त्यांनी ताईंकडून वदवून घेतलं, कुठल्यातरी मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, आणि जाईला आत नेलं. दार बंद झालं. मी बाकावर बसले. तेव्हा मला ते चुरमुऱ्यांचं सांडत गेलेलं ताट दिसायला लागलं.

ती रात्र मी कुणालाच सांगत नाही, इथंही सांगत नाही. एवढंच की आत यंत्राचा आवाज होता आणि मी त्याच्यासारखा श्वास घेत होते. त्याचा लांबला की माझाही लांबायचा.

सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर जाई रडली. आधी नुसती कण्हली, मग तिनं डोळे उघडले, सलाईनसाठी हाताला बांधलेली फळी बघितली, आणि असं काही भोकाड पसरलं की बाहेर बसलेल्या दुसऱ्या बाळांच्या आया वळून बघायला लागल्या. मी तिला छातीशी घेतलं. तिच्या केसात अजून एक चुरमुरा अडकलेला होता. मी तिला 'रडू नको' म्हटलंच नाही. रड गं माझे बाय, म्हटलं, पाहिजे तेवढं रड, सगळा दवाखाना गोळा कर.

डॉक्टर तांबवेकर येऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरही जागरण दिसत होतं.

"हे औषध डोळ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून लाली जाते," ते म्हणाले. "डोळ्यात थेंब घालायचं औषध आहे. पोटात गेलं की तिथून रक्तात आणि मेंदूत जातं. गुंगी येते, ठोके मंदावतात, अंग गार पडतं, श्वाससुद्धा थांबतो. एवढ्याशा मुलाला अर्धा चमचासुद्धा फार झाला. आणि दिसतं कसं, तर झोपल्यासारखं. म्हणून कुणी आणत नाही लवकर. तुम्ही आणलंत."

"तुम्ही मला अफूचं विचारलंत," मी म्हणाले.

"विचारावं लागतं. लक्षणं तशीच असतात अगदी. बाहुल्या, ठोके, सगळं."

"विचारण्याचं नाही म्हणत मी. मला एकटीलाच का विचारलंत? खोलीत चार माणसं होती. पाजलं होतं दुसऱ्यानं, माहीत होतं तिसऱ्याला. तुम्ही सगळ्यांना विचारलं असतंत तर कदाचित लवकर कळलं असतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुमचं म्हणणं बरोबर आहे," असं म्हणून ते पुढच्या खाटेकडं गेले. एवढं तरी म्हणाले. आमच्या घरात तेवढंही कुणी म्हटलं नाही.

दुपारी हर्षदाताई डबा घेऊन आल्या. मी व्हरांड्यात होते. डबा बाकावर ठेवून त्या शेजारी बसल्या आणि रडायला लागल्या.

"वहिनी, मी मुद्दाम काही केलं का सांग. माझी भाची आहे ती."

"तुला केव्हा कळलं?"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अगं-तुगं केलं. त्यांनी दचकून बघितलं. मी ते परत तुम्ही केलं नाही.

"मी बाहेर आले तेव्हा आईच्या हातात चमचा होता आणि शेजारी बाटली," त्या म्हणाल्या. "तेव्हाच कळलं. पण वाटलं, गेलं असेल थोडंसं. आपण डोळ्यात घालतो, डोळ्यासारख्या नाजूक जागी. मग पोटात काय होणार आहे? पाण्यासारखं तर असतं."

"पाण्यासारखं वाटलं तुला?"

"खरंच वाटलं."

"मग बाटली का टाकलीस?"

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"पाण्याची बाटली कुणी लपवून टाकत नाही," मी म्हणाले.

"माझ्या सासूबाई बसल्या होत्या समोर. तुला माहीत नाही त्या कशा आहेत. पार्लर बंद कर म्हणून वर्षभर मागं लागल्यात. त्यांच्यापुढं आईनं आरडाओरडा केला असता, माझंच नाव आलं असतं. म्हटलं, झोपलीय, उठेल थोड्या वेळानं. कुणाला काही कळायचं कारण नाही."

"आणि नाही उठली तर?"

"मी आले ना गाडीत," त्या म्हणाल्या. "उलट मीच आले की बरोबर."

"आलीस. आणि डॉक्टरांना सांगितलंस की वहिनी म्हणत होती, काहीतरी देऊन झोपवायला पाहिजे."

मी डबा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. "जेवण माझ्या आईनं पाठवलंय," म्हणाले. पाठवलं नव्हतं.

मला आईंचा राग आला नव्हता असं नाही. पण त्यांनी चष्म्याविना पाजलं, रडणाऱ्या नातीला बरं वाटावं म्हणून पाजलं. ड्रॉप्स म्हणजे पोटाचे ड्रॉप्स, घरात लेकरू आल्यापासून त्या शब्दाचा तोच एक अर्थ त्यांना माहीत होता, आणि लेकीला दुसरा. दोघींनी एकच शब्द वापरला आणि दोघींना वाटलं की आपलं बोलणं झालं. ही चूक कुणाच्याही घरात होईल. पण लेकीला अर्थ कळला होता. बोरं पोरीच्या डोळ्यावर पडत होती तेव्हा कळलेला होता. त्या टेबलाशी उभं राहून डॉक्टर मला अफूचं विचारत होते तेव्हाही कळलेला होता.

तिसऱ्या दिवशी घरी परतताना गाडीत जाई माझ्या खांद्यावर होती, जागी, माझं मंगळसूत्र चावत. निनाद सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "शर्वरी, एक सांगू? झालं ते झालं. आता हे बाहेर नको बोलायला. ताईच्या सासरी कळलं तर तिचं पार्लर बंद होईल. आईला पण लोक नावं ठेवतील. विचारलं कुणी तर ताप आला होता म्हणायचं. घरातली गोष्ट घरात राहू दे."

"डॉक्टरांपुढं मला विचारलंस, दिलं असशील तर सांग, तेव्हा कुठं होतं घर?"

"मी घाबरलो होतो."

"मीही घाबरले होते. मी कुणाचं नाव घेतलं?"

सिग्नल सुटला. त्यानं गियर टाकला. मी जाईच्या मुठीतून मंगळसूत्र सोडवलं, तिनं ते परत पकडलं.

संध्याकाळी बिल्डिंगमधल्या बायका बघायला आल्या. वरच्या मजल्यावरची पल्लवी आली, मागच्या विंगमधल्या दोघी आल्या. हर्षदाताईंनी चहा केला. आई मीठ-मोहऱ्या-मिरच्या मुठीत घेऊन जाईवरून उतरवत होत्या. चेहरा ओढलेला होता त्यांचा, दोन दिवसांत त्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. पण बोलणं आधीच ठरलेलं असावं.

"दृष्ट लागली हो पोरीला," त्या म्हणाल्या. "काळ्या झबल्यात किती गोड दिसत होती. भरल्या घरात नटवून बसवली आणि कुणाची तरी नजर लागली."

"लागते बाई," एक जण म्हणाली. "आमच्या पिंटूला पण असंच झालं होतं."

"तापानं एकदम ग्लानी आली असेल," दुसरी म्हणाली.

"हो, तापच," हर्षदाताई कप पुढं करत म्हणाल्या. "अचानक चढला."

निनाद दारात उभा राहून माझ्याकडं बघत होता. जाई माझ्या मांडीवर बसून बिस्किटाचा चिखल करत होती. मला आत काहीतरी उसळेल असं वाटलं होतं, पण आवाज अगदी साधा निघाला, दूधवाल्याला उद्या एक पिशवी जास्त टाक म्हणून सांगावं तसा.

"ताप नव्हता. नजर पण नव्हती. डोळ्याचं औषध पाजलं गेलं होतं तिला."

आईंची मूठ जाईच्या डोक्यावर तशीच थांबली.

"पार्लरमधलं, डोळ्यांची लाली जायचं," मी म्हणाले. "पोटाचे ड्रॉप्स समजून पाजलं. अर्धा चमचा. त्यानं गुंगी येते, हृदयाचे ठोके मंद होतात. तुम्ही सगळ्या म्हणालात ना, किती शहाणी झोपलीय? ती झोपलेली नव्हती. मरत होती."

"शर्वरी," निनाद म्हणाला.

"आणि ज्यांना माहीत होतं त्या बोलल्या नाहीत."

हर्षदाताईंनी ट्रे खाली ठेवला आणि पार्लरच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. कुणाचं नाव मी घेतलं नव्हतं. कुणाला विचारायची गरजही उरली नाही. मागच्या विंगमधल्या दोघी एकमेकींकडं बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत मला दिसत होतं की उद्या सकाळपर्यंत हे विहीणबाईंच्या घरी पोचलेलं असेल. पोचू दे, असं वाटलं मला. माझ्या नावावर अफू पोचली असती, त्यापेक्षा हे पोचू दे.

"तुला एवढं करून काय मिळालं?" आई हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते.

मी उत्तर देणार होते, पण पल्लवी मधेच बोलली. तिची मुलगी जाईहूनही लहान, अजून पालथी पडायला शिकत होती. तिचा नवरा रात्रपाळीला कॉम्प्युटरवर काम करायचा.

"कशी होती बाटली?" तिनं विचारलं.

"पांढरी. एवढीशी. निळं झाकण."

"अगदी पोटाच्या ड्रॉप्ससारखी?"

"अगदी तशीच."

पल्लवीनं अर्धा राहिलेला कप जमिनीवर ठेवला. "आमचे हे घालतात डोळ्यात, जागरणानं लाल होतात म्हणून," ती म्हणाली आणि उठली. चपला घालायलाही थांबली नाही. जिन्यावर तिची पावलं वाजली, आणि अर्ध्या जिन्यातून तिनं वर दिलेली हाक आम्हा सगळ्यांना ऐकू आली.

"अहो, तिच्या उशाजवळची ती तुमची बाटली आधी उचला."